तुलनागट (कामगिरी-शेअर योजनांतील)

कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना द्यायच्या शेअरांची संख्या जेव्हा भागधारकांना मिळालेल्या परताव्यावर अवलंबून ठेवली जाते, तेव्हा तो परतावा ज्या कंपन्यांच्या परताव्याशी ताडून पाहायचा त्यांची आधीच ठरवून ठेवलेली यादी म्हणजे तुलनागट. व्यवहारात ‘पीअर ग्रुप’ हाच शब्द रुळला आहे. मापाचे पूर्ण नाव ‘सापेक्ष एकूण भागधारक परतावा’ (भाववाढ व लाभांश मिळून होणारा परतावा, इतरांच्या तुलनेत) असे असले, तरी बोलताना सगळे ‘सापेक्ष टीएसआर’ म्हणतात. मुदत बहुधा तीन वर्षांची असते. मुदतीअखेर कंपनी गटात कितवी आली ते पाहून लक्ष्य-संख्येच्या (आधी ठरवलेल्या शेअरसंख्येच्या) शून्यापासून दुपटीपर्यंत शेअर अधिकाऱ्याच्या पदरात पडतात.

याच नावाचा आणखी एक गट असतो आणि दोहोंची गल्लत नेहमीची आहे. अधिकाऱ्याचा पगार बाजाराला धरून आहे की नाही हे पाहण्यासाठी संचालक मंडळाची मोबदला समिती जी यादी वापरते तो वेतनगट. त्यात कंपन्यांचा आकार महत्त्वाचा ठरतो, कारण वरिष्ठांचा मोबदला उलाढालीच्या प्रमाणात वाढत जातो. साधारण निम्म्या ते दुप्पट उलाढालीच्या कंपन्या त्यात घेतात. परतावा टक्क्यांत मोजला जात असल्याने तुलनागटाला आकाराची अशी अट लागत नाही. वेतनगटच उचलून तुलनागट म्हणून वापरला, की धंद्याशी संबंध नसलेल्या पण आकाराने जवळच्या कंपन्या यादीत शिरतात आणि तुलनेचा मूळ हेतूच मारला जातो.

उगम : या पद्धतीचा उगम नेमका कोठला याबद्दल एकमत नाही. तात्त्विक बाजू अर्थशास्त्रज्ञ बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांच्या १९७९ व १९८२ च्या लेखांपर्यंत जाते. अधिकाऱ्याच्या प्रयत्नांबद्दल अधिकची माहिती देणारे कोणतेही माप करारात उपयोगी पडते, हे पहिल्या लेखातील तत्त्व. एकाच धक्क्याला सामोऱ्या जाणाऱ्या अनेकांची आपसात तुलना केली, तर तो सामाईक धक्का वजा करता येतो, हे दुसऱ्या लेखाने दाखवले. यातून निघणारी गोष्ट व्यवहारात अनेकदा विसरली जाते. गटातील कंपनी ‘आपल्यासारखी दिसणारी’ असण्याला फारसे मोल नाही; आपल्या हाती नसलेल्या ज्या कारणांनी आपला भाव हलतो, त्याच कारणांनी तिचाही हलतो का, हा खरा प्रश्न आहे.

कंपन्या प्रत्यक्षात असे करतात का, याची सुरुवातीची पडताळणी अँटल व स्मिथ (१९८६) यांनी केली, पण पुरावा क्षीण निघाला. गिबन्स व मर्फी (१९९०) यांना सापेक्ष मूल्यमापनाच्या खुणा सापडल्या. मात्र त्या उद्योगापेक्षा एकूण बाजाराच्या संदर्भात अधिक ठळक होत्या. बर्ट्रांड व मुल्लइनाथन (२००१) यांनी उलटी बाजू दाखवली. तेलाचे भाव चढले की तेलकंपन्यांच्या प्रमुखांचा मोबदलाही चढत होता, म्हणजे नशिबाचे पैसे मिळत होते. हे अभ्यास मुख्यतः एकूण मोबदल्याच्या आकड्यांवरून अनुमान काढणारे आहेत. करारात लिहिलेल्या गटांचा अभ्यास त्यानंतरचा.

व्यवहाराच्या बाजूने तीन घटना सांगितल्या जातात. अमेरिकेतील शेअरबाजाराचे नियमन करणाऱ्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने (एसईसी) १९९२ मध्ये कंपन्यांना पाच वर्षांच्या परताव्याचा आलेख छापणे बंधनकारक केले. त्यात कंपनीची रेषा एका व्यापक निर्देशांकाशी आणि एका उद्योग-निर्देशांकाशी किंवा स्वतः निवडलेल्या गटाशी ताडायची होती. दुसरी घटना ब्रिटनमधील. मार्क्स अँड स्पेन्सरचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड ग्रीनबरी यांच्या समितीने १९९५ च्या अहवालात, प्रोत्साहन योजनांच्या कसोट्या तुलनेच्या कंपन्यांच्या संदर्भात ठेवण्याचा विचार व्हावा असे सुचवले आणि उदाहरण म्हणून एकूण भागधारक परताव्याचेच नाव घेतले. तिसरी घटना हिशेबाची. डिसेंबर २००४ मध्ये निघालेल्या अमेरिकी हिशेब-मानकाने साध्या शेअर-पर्यायांचा (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याच्या हक्काचा) खर्च न दाखवण्याची सवलत काढून घेतली. त्याआधी अट नसलेले पर्याय जवळजवळ फुकट दिसत आणि कामगिरीशी बांधलेले महाग.

ब्रिटनपुरते बोलायचे तर ग्रीनबरी अहवालाचे श्रेय सहसा मान्य होते. अमेरिकेत मात्र १९९२ च्या आलेखाला दिले जाणारे महत्त्व थोडे जास्तच वाटते. आलेखाने कंपन्यांना गट निवडायला शिकवले खरे, पण तो गट पुरस्काराच्या करारात उतरायला पुढे बराच काळ गेला. २००४ चा हिशेब-बदल आणि २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यानुसार २०११ पासून सुरू झालेले मोबदल्यावरचे भागधारक-मतदान, ही दोन कारणे अधिक पटण्याजोगी आहेत. इतर देशांत ही पद्धत बहुधा या दोन परंपरांतूनच गेलेली दिसते.

गटाची निवड : पहिली चाळणी उद्योग-वर्गीकरणाची. निर्देशांक बनवणाऱ्या एमएससीआय आणि एस अँड पी या कंपन्यांनी १९९९ मध्ये आणलेले ‘जीआयसीएस’ वर्गीकरण सर्वाधिक वापरात आहे. २०२३ च्या फेररचनेनंतर त्यात ११ क्षेत्रे, २५ उद्योगगट, ७४ उद्योग व १६३ उपउद्योग आहेत. शेअरभावांच्या एकत्रित हालचाली टिपण्यात ते जुन्या सरकारी सांकेतांकांपेक्षा सरस ठरते, असा भोजराज, ली व ओलर (२००३) यांचा निष्कर्ष आहे. पण वर्गीकरणही बदलते. मार्च २०२३ मध्ये व्हिसा व मास्टरकार्ड या कंपन्या माहिती तंत्रज्ञानातून वित्त क्षेत्रात गेल्या. ज्या करारात ‘अमुक क्षेत्राच्या निर्देशांकातील कंपन्या’ एवढेच लिहिलेले असते आणि कोणत्या तारखेच्या ते लिहिलेले नसते, तिथे अशा दिवशी वाद उभा राहतो.

दुसरी चाळणी सहसंबंधाची. मागच्या तीन ते पाच वर्षांचे साप्ताहिक किंवा मासिक परतावे घेऊन प्रत्येक उमेदवार कंपनीचा आपल्या शेअरशी सहसंबंध काढतात आणि तळाच्या कंपन्या गाळतात. दैनिक परतावे टाळलेले बरे. वेगवेगळ्या देशांतील बाजारांच्या वेळा जुळत नसल्याने सहसंबंध खोटा कमी दिसतो. तिसरी चाळणी चढउताराची, आणि तीच बहुतेक वेळा राहून जाते. गटातील इतरांपेक्षा आपला शेअर खूप जास्त हलणारा असेल, तर मुदतीअखेर आपण वरच्या किंवा खालच्या टोकाला सापडण्याची शक्यता वाढते. अगदी शांत शेअर मध्यावर रेंगाळतो. वीज-पाणी पुरवणाऱ्या कंपनीला सर्वसाधारण ५०० कंपन्यांच्या निर्देशांकाशी ताडले, तर तेजीत ती मागे आणि मंदीत पुढे दिसेल. यात व्यवस्थापनाचे कर्तृत्व शोधणे व्यर्थ.

थेट प्रतिस्पर्धी घ्यावेत का, यावर मतभेद आहेत. मोजक्याच कंपन्यांच्या बाजारात प्रतिस्पर्ध्याला खाली ओढूनही आपला क्रमांक सुधारतो. म्हणून अशा उद्योगांत सापेक्ष मापाला कमी वजन असावे, असा अग्रवाल व सॅमविक (१९९९) यांचा युक्तिवाद आहे. शेअरबाजारातील परताव्यापुरता हा धोका लहानच असावा, पण चारपाच कंपन्यांच्या गटात तो नाकारता येत नाही.

संख्येबाबत नियम नाही. बारापेक्षा कमी कंपन्यांत एकेका पायरीला अवास्तव किंमत येते; तेव्हा क्रमांक सोडून गटाच्या मध्यकापेक्षा किंवा निर्देशांकापेक्षा किती टक्केबिंदू पुढे, यावर देणे ठरवावे. पंधरा ते पंचवीस ही हाताने निवडलेल्या गटाची नेहमीची व्याप्ती.

परताव्याची मोजणी : सुरुवातीचा भाव एका दिवसाचा घेत नाहीत. अमेरिकेत बहुधा २० किंवा ३० व्यवहार-दिवसांची सरासरी, ब्रिटनमध्ये तीन महिन्यांपर्यंतची, शेवटालाही तसेच. लाभांश त्याच्या एक्स-तारखेला (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) त्या दिवसाच्या बंद भावाने पुन्हा गुंतवला असे धरतात. सुरुवातीची सरासरी २००, मधल्या काळात ५ लाभांश, त्या दिवशी भाव २५०, म्हणजे एका शेअरचे १.०२ शेअर झाले. शेवटची सरासरी २६० असेल, तर २६५.२ भागिले २००, म्हणजे परतावा ३२.६ टक्के. लाभांश नुसता मिळवला असता तर ३२.५ आला असता. फरक क्षुल्लक वाटतो, पण दोन कंपन्या दशांशाच्या अंतरावर असल्या की क्रमांक बदलतो. सर्वांत जास्त चुका आकड्यांच्या स्रोतात होतात. काही स्रोतांतील ‘समायोजित भाव’ फक्त शेअर-विभाजनासाठी दुरुस्त केलेला असतो, काहींत लाभांशही आधीच धरलेला असतो. दुसऱ्या प्रकारच्या भावावर लाभांश पुन्हा चढवला तर तो दोनदा मोजला जातो. दुसऱ्या चलनातील कंपन्यांचा परतावा स्थानिक चलनात की एका समान चलनात, हेही करारातच ठरवावे लागते.

क्रमांकावरून पर्सेंटाइल : पर्सेंटाइल म्हणजे गटातील किती टक्के कंपन्या आपल्या मागे आहेत ते. इथे दोन पद्धती चालतात आणि करारात ती स्पष्ट नसली तर भांडण ठरलेले. पहिलीत स्वतःची कंपनी धरून एकूण N कंपन्या व आपला क्रमांक R असेल, तर पर्सेंटाइल = (N − R) ÷ (N − १). गटात पंधरा कंपन्या, आपण धरून एकूण सोळा. क्रमांक सहावा आला तर १० ÷ १५, म्हणजे ६६.७. दुसरीत स्वतःला वगळून पंधरांचीच शिडी मांडतात आणि आपला परतावा कोणत्या दोन पायऱ्यांमध्ये बसतो ते पाहतात. याच उदाहरणात उत्तर ६४.३ ते ७१.४ यांमध्ये कुठेही पडेल. पहिल्या पद्धतीत शेजारच्याशी किती अंतर होते याचा पत्ताच लागत नाही. दुसरी त्यामुळे अधिक न्याय्य वाटते, मात्र समजावायला कठीण.

समजा, ५० व्या पर्सेंटाइलला १०० टक्के, ७५ व्याला २०० टक्के आणि मध्ये सरळ रेषेने, असा तक्ता आहे व लक्ष्य १,००,००० शेअरांचे आहे. वरच्या उदाहरणात १,६६,६६७ शेअर मिळतील. मुदत संपण्याच्या थोडे आधी गटातील एक कंपनी विकली गेली आणि यादीतून काढली. ती आपल्या वर असेल तर आपण पंधरांत पाचवे, पर्सेंटाइल ७१.४, शेअर १,८५,७१४. ती आपल्या खाली असेल तर पंधरांत सहावे, पर्सेंटाइल ६४.३, शेअर १,५७,१४३. आपल्या कंपनीत काहीही न घडता २८,५७१ शेअरांचा फरक पडतो. मोबदला समितीच्या बैठकांत पर्सेंटाइलच्या तक्त्यावर तास जातो आणि या कलमावर पाच मिनिटे. प्रमाण उलटे असायला हवे.

यादीत मुदतीदरम्यान होणारे बदल : प्रचलित नियम असे. विकली गेलेली किंवा खासगी झालेली कंपनी सुरुवातीपासूनच वगळतात. अशा कंपन्यांना सहसा चढा भाव मिळालेला असल्याने वगळण्याचा फायदा बाकीच्यांना होतो; म्हणून काही करारांत घोषणेच्या दिवशी ती आपल्या वर होती की खाली ते पाहून जागा गोठवतात. दिवाळखोरीत गेलेली कंपनी मात्र वगळायची नाही. तिचा परतावा उणे १०० धरून तिला तळाशी ठेवतात. ‘सूचीतून बाहेर गेलेल्या सर्व कंपन्या वगळाव्यात’ असे सरसकट लिहिले, तर बुडालेली कंपनीही निघून जाते आणि टिकून राहिलेल्यांचा पर्सेंटाइल विनाकारण घसरतो. गटातील दोन कंपन्या एकत्र आल्या तर टिकणारी ठेवतात. एखादीने आपला विभाग वेगळा काढून भागधारकांना वाटला, तर त्या शेअरांची पहिल्या व्यवहार-दिवसाची किंमत लाभांशासारखी पुन्हा गुंतवतात. हे राहिले तर भावातली घट तोटा म्हणून दिसते.

निर्देशांकच गट असेल, तर सुरुवातीच्या तारखेची यादी पक्की धरावी. शेवटच्या तारखेची घेतली, तर घसरून बाहेर पडलेल्या नाहीशा होतात, चढून आत आलेल्या मोजल्या जातात, आणि शर्यत सगळ्यांसाठी अवघड होते.

परतावा गटात वरचा पण प्रत्यक्षात उणे असेल, तर देणे लक्ष्याच्या १०० टक्क्यांवर रोखण्याची अट आता सर्रास आढळते.

हिशेब व प्रकटन : अमेरिकी मानकांत आणि आंतरराष्ट्रीय मानक आयएफआरएस २ मध्ये सापेक्ष परतावा ही ‘बाजाराची अट’ मानली जाते. पुरस्कार दिल्याच्या दिवशी माँटे कार्लो पद्धतीने (संगणकावर असंख्य यादृच्छिक शक्यता चालवून) त्याचे वाजवी मूल्य काढतात. त्यासाठी गटातील प्रत्येक कंपनीचा चढउतार व आपसातले सहसंबंध लागतात. दुपटीपर्यंत देणाऱ्या योजनांत हे मूल्य अनेकदा त्या दिवसाच्या भावापेक्षा जास्त निघते. म्हणून ठरलेल्या रकमेला भावाने भागून शेअर द्यायचे की या मूल्याने, यावर दिलेल्या शेअरांची संख्या बदलते. शेवटी क्रमांक खाली आला आणि एकही शेअर मिळाला नाही, तरी अधिकाऱ्याने सेवाकाळ पुरा केला असल्यास दाखवलेला खर्च परत फिरवता येत नाही. नफ्यावर आधारलेल्या अटीत तो फिरवता येतो.

एसईसीने ऑगस्ट २०२२ मध्ये मोबदला व कामगिरी यांचा तक्ता देण्याचा नियम अंतिम केला. त्यातील तुलनागट वार्षिक अहवालातील परताव्याच्या आलेखाचा किंवा कंपनीच्या विवरणपत्रातील मोबदल्याच्या चर्चेत सांगितलेला असावा लागतो आणि त्याचा परतावा बाजारमूल्याच्या प्रमाणात भारित असतो. गट बदलला तर कारण देऊन जुन्या व नव्या दोन्ही गटांशी तुलना दाखवावी लागते. लहान कंपन्यांना गटाचा परतावा देण्यापासून सूट आहे. हा छापील गट आणि पुरस्काराच्या करारातला गट वेगळे असू शकतात, आणि बहुधा असतातही.