स्तनातली गाठ दुखत नाहीये म्हणजे टेन्शन नाही? उलट आहे हो
"दुखत नाही ना, मग राहू दे" हे आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत चालत आलंय, आणि नेमकं हेच चुकीचं आहे, कारण स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, हाताला नुसती टणक गाठ लागते.

पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होतात, ठणकतात, पाळी आली की कमी होतं, ते हार्मोन्समुळे. नुसतं दुखणं, गाठ नाही, तर कॅन्सर क्वचितच निघतो. आणि गाठ असली तरी बहुतेक गाठी साध्याच, कॅन्सर नसलेल्या असतात, विशी-तिशीत हाताखाली सटकणारी गाठ, म्हणजे फायब्रोअॅडिनोमा, चाळिशीच्या आसपास पाण्याची गाठ. पण हे बोटांनी चाचपून घरी ठरत नाही, डॉक्टरांनासुद्धा सोनोग्राफी, मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे, कधी बायोप्सी म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं, हे लागतं (आणि नाही, सुई टोचल्याने कॅन्सर पसरत नाही, ही अजून एक अफवा).

पाळी होऊन गेल्यावरही गाठ तशीच, काखेत गाठ, कातडी संत्र्याच्या सालीसारखी, निप्पल नव्याने आत ओढलेलं किंवा त्यातून रक्त, एकाच जागी सतत दुखणं, यातलं काहीही असेल तर सरळ दाखवा. पाळी बंद झाल्यावर नवी गाठ आली तर थांबायचंच नाही. पुरुषांनाही होतो हा कॅन्सर, कमी, पण होतो.