सांता मारिया नोव्हेला: चर्चच्या भिंतीवर मोजलेलं वर्ष

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या स्टेशनसमोर सांता मारिया नोव्हेलाची पाठ दिसते, वळसा घालून चौकात आलं की पांढऱ्या-हिरव्या संगमरवराची दर्शनी भिंत. मूळ चर्च गॉथिक, पण भिंतीचा वरचा भाग वास्तुकार अल्बेर्तीचा, आणि पैसे देणाऱ्या रुचेल्लाई शेठनी स्वतःचं नाव आणि १४७० हे वर्ष वर मोठ्या अक्षरात कोरून घेतलंय. लोक इथे फोटो काढतात आणि आत जातात, पण त्याच भिंतीवर डावीकडे धातूची दोन कडी एकमेकांत अडकवलेली आहेत आणि उजवीकडे संगमरवरी पाटीवर सूर्याची उंची मोजायचं यंत्र आहे, तिकडे फार कोणी बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

ही यंत्रं इन्यात्सिओ दान्ती या डोमिनिकन साधूने १५७२ ते १५७४ मध्ये बसवली. कारण होतं ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण, त्याची तारीख. तेव्हाचं ज्युलियन कॅलेंडर वर्ष ३६५ दिवस आणि ६ तासांचं धरायचं, खरं सौरवर्ष त्याहून साधारण ११ मिनिटांनी लहान. ११ मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण सव्वाशेक वर्षांत त्याचा अख्खा दिवस होतो. ईस्टर वसंतसंपातानंतरच्या (वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस) पौर्णिमेवरून ठरतो आणि संपात २१ मार्चला असं चर्चने धरलेलं, म्हणजे पाया सरकला की सगळा हिशोबच सरकला.

त्या दोन कड्यांपैकी एक उत्तर-दक्षिण उभं आहे आणि दुसरं विषुववृत्ताला समांतर. संपाताच्या दिवशी सूर्य बरोबर दुसऱ्या कड्याच्या पातळीत येतो, त्यामुळे पुढच्या अर्ध्या भागाची सावली मागच्या अर्ध्या भागावरच पडते. किती साधं आणि किती सुंदर! १५७४ मध्ये दान्तीला संपात सापडला ११ मार्चच्या आसपास, म्हणजे दहा दिवसांचा फरक. मग त्याने भिंतीत उंचावर भोक पाडून आतल्या फरशीवर सूर्याचा कवडसा मोजायची तयारी केली, पण त्याचा आश्रयदाता, फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो मेडिची वारला, नव्या ड्यूकशी जमलं नाही आणि १५७५ मध्ये त्याला शहर सोडावं लागलं, काम अर्धवटच राहिलं. पुढे १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला, आपण आज वापरतो ते हेच कॅलेंडर.

आत वास्तुकार-शिल्पकार ब्रुनेलेस्कीचा लाकडी क्रूस आहे. दंतकथा अशी की तो अचानक समोर दिसला तेव्हा त्याचा शिल्पकार मित्र दोनातेल्लो याच्या ओच्यातली अंडी खाली पडून फुटली. खरं-खोटं कोण जाणे, पण गोष्ट मस्त आहे.

माझं खरं प्रेम मात्र चित्रकार मासाच्चोच्या ‘ट्रिनिटी’वर. साधारण १४२७ चं भित्तिचित्र, सपाट भिंतीत अख्खी कमानदार खोली आत गेल्यासारखी दिसते. सगळ्या रेषा बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर एका बिंदूत मिळतात, आणि त्यासाठी ओल्या गिलाव्यावर आखलेल्या रेषा अजून दिसतात. मासाच्चो सव्वीसएक वर्षांचा असतानाच गेला. १५७० च्या सुमारास चित्रकार-वास्तुकार वासारीने चित्रासमोर नवी वेदी बांधली आणि ते झाकलं गेलं, म्हणजे दान्ती बाहेर सावल्या मोजत होता तेव्हा आत हे वेदीमागे होतं. १८६० च्या सुमारास ते परत सापडलं, भिंतीवरून काढून दुसरीकडे नेलं, आणि चित्राचा खालचा, सांगाडा रंगवलेला भाग मूळ जागीच दडलेला आहे हे कळायला १९५० चं दशक उजाडलं, तेव्हा कुठे दोन्ही तुकडे पुन्हा एकत्र आले.