‘काहीही असले तरी’ कलम, कॅनडाचे

कॅनडाच्या हक्क व स्वातंत्र्यांच्या सनदेतील 33 वे कलम. एखादा कायदा सनदेतील ठरावीक हक्कांशी विसंगत असला, तरी तो अमलात राहील असे कायद्यातच जाहीर करण्याची मुभा हे कलम संसदेला व प्रांतिक विधिमंडळांना देते. इंग्रजीत त्याला ‘नॉटविदस्टँडिंग क्लॉज’ म्हणतात. फ्रेंचमध्ये ‘क्लोझ देरोगात्वार’ आणि ‘दिस्पोझिस्याँ द देरोगास्याँ’ ही दोन नावे चालतात. फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताच्या अलीकडच्या सरकारने त्याला ‘संसदीय सार्वभौमत्वाची तरतूद’ म्हणायला सुरुवात केली असून, कोण कोणते नाव वापरतो यावरून तो कोणत्या बाजूचा हे बहुधा ओळखता येते. महाराष्ट्राच्या अधिनियमांत ‘कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी’ असा जो वाक्यांश पानोपानी येतो, तो याच इंग्रजी शब्दाची जागा घेतो. म्हणून या नोंदीला ते नाव दिले आहे.

सनद 1982 च्या संविधान अधिनियमाचा पहिला भाग आहे. राणी एलिझाबेथ (दुसरी) यांनी 17 एप्रिल 1982 रोजी ओटावा येथे संसदेसमोरच्या मोकळ्या मंचावर उद्घोषणेवर सही केली. त्या वेळी पाऊस होता. थेंब पडून शाई जिथे पसरली ते डाग राष्ट्रीय अभिलेखागारातील मूळ प्रतीवर आजही दिसतात.

कलमाचा आवाका समजतो त्यापेक्षा लहान आहे. ते फक्त सनदेच्या 2 ऱ्या आणि 7 ते 15 या कलमांना लागू होते. म्हणजे धर्म, अभिव्यक्ती, सभा व संघटना यांची स्वातंत्र्ये, अटक व खटल्यासंबंधीचे हक्क आणि समानता. मतदानाचा हक्क, देशात कुठेही जाऊन राहण्याचा हक्क, इंग्रजी-फ्रेंच या राजभाषांविषयीच्या तरतुदी व अल्पसंख्य भाषिकांचा शिक्षणाचा हक्क (कलम 23) त्याच्या कक्षेबाहेर आहेत. जाहीरनामा कायद्याच्या मजकुरातच, स्पष्ट शब्दांत असावा लागतो. तो फार तर पाच वर्षे टिकतो, मग आपोआप गळून पडतो. मात्र विधिमंडळ तो पुन्हा पाच वर्षांसाठी संमत करू शकते आणि किती वेळा करावा याला मर्यादा नाही. पाच हा आकडा सहज आलेला नाही. सनदेच्या 4 थ्या कलमाने लोकसभागृहाची व प्रांतिक विधानसभांची कमाल मुदतही पाच वर्षेच ठरवली आहे. तेव्हा नूतनीकरणापूर्वी मतदारांना एकदा तरी बोलता यावे असा हिशेब त्यामागे आहे.

उगम : याविषयी एकवाक्यता नाही. लोकप्रिय कथा स्वयंपाकघराची आहे. नोव्हेंबर 1981 च्या पहिल्या आठवड्यात पंतप्रधान प्येर ट्रुडो व दहा प्रांतांचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) ओटावातील शासकीय परिषद केंद्रात बसले होते. ही इमारत म्हणजे शहराचे जुने रेल्वे स्थानक. आता तेथे सिनेट भरते. संविधान ब्रिटनकडून मायदेशी आणून त्यात सनद घालण्याच्या ट्रुडोंच्या एकतर्फी योजनेच्या विरोधात आठ प्रांत होते, ऑन्टॅरिओ व न्यू ब्रन्सविक बाजूने. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, प्रांतांची भरीव संमती न घेता पुढे जाणे कायद्याने चालेल, पण संवैधानिक प्रथेला धरून होणार नाही. 4 नोव्हेंबरला केंद्राचे न्यायमंत्री ज्याँ क्रेत्येन, सस्कॅचेवानचे अ‍ॅटर्नी जनरल रॉय रोमॅनो आणि ऑन्टॅरिओचे अ‍ॅटर्नी जनरल रॉय मॅकमर्ट्री हे तिघे सभागृहातून निघून इमारतीतल्या एका वापरात नसलेल्या छोट्या स्वयंपाकघरात गेले. तिथे कागदावर खरडलेला तोडगा असा : प्रांतांनी सनद मान्य करावी, केंद्राने प्रांतांचे घटनादुरुस्ती-सूत्र घ्यावे आणि काही हक्कांवर विधिमंडळाला मात करता यावी. त्या रात्री हा मसुदा प्रांतांच्या प्रतिनिधींमध्ये फिरला. क्वेबेकचे प्रीमियर रने लेव्हेक नदीपलीकडे हल गावी मुक्कामाला होते. त्यांना सकाळी न्याहारीला आल्यावर कळले. क्वेबेकमध्ये या रात्रीला ‘लांब सुऱ्यांची रात्र’ म्हणतात. क्वेबेकने त्या करारावर आजतागायत सही केलेली नाही.

ही कथा तिघांनीही आपापल्या परीने सांगितली आहे. ती खोटी नसली तरी कलमाची जन्मकथा म्हणून अपुरी वाटते. न्यूफाउंडलंडचे तत्कालीन प्रीमियर ब्रायन पेकफर्ड यांनी पुढे ठामपणे मांडले की, त्या रात्रीच्या अंतिम करारापर्यंत नेणारा प्रस्ताव त्यांच्या शिष्टमंडळाचा होता आणि स्वयंपाकघराला फाजील महत्त्व मिळाले. अल्बर्टाचे पीटर लॉहीड यांनी 1991 मधील एका व्याख्यानात कलमाच्या कल्पनेचे श्रेय आपल्या प्रांताकडे घेतले. सस्कॅचेवानचे अ‍ॅलन ब्लेकनी व मॅनिटोबाचे स्टर्लिंग लायन यांचा सनदेलाच विरोध होता, तोही परस्परविरुद्ध टोकांवरून. ब्लेकनी समाजवादी; कामगार व कल्याणकारी कायदे न्यायाधीश मोडून काढतील ही त्यांची धास्ती. लायन पुराणमतवादी; संसदीय परंपरा जाईल ही त्यांची खंत. कायद्याचे प्राध्यापक पॉल वायलर यांनी अशा तरतुदीची तात्त्विक बाजू त्याच सुमारास मांडली होती. पाच वर्षांची मुदत ट्रुडोंच्या आग्रहाने आली याबद्दल मात्र फारसा वाद नाही.

श्रेयाची ही ओढाताण बाजूला ठेवून कागदपत्रे पाहिली तर वंशावळ निराळी दिसते. 1960 च्या ‘कॅनेडियन बिल ऑफ राइट्स’ या साध्या केंद्रीय कायद्याच्या 2 ऱ्या कलमात, ‘या अधिनियमात काहीही असले तरी’ असे संसदेने स्पष्टपणे म्हटल्याखेरीज प्रत्येक कायदा या हक्कांशी जुळवून वाचावा, असे लिहिलेले होते. पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांच्या सरकारने केलेल्या या तरतुदीचा वापर संसदेने एकदाच केला : 1970 च्या ऑक्टोबर संकटानंतरच्या (क्वेबेकमधील फुटीरतावाद्यांनी केलेल्या अपहरणांनंतरच्या) सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात. तोच साचा अल्बर्टाच्या 1972 च्या हक्ककायद्यात, क्वेबेकच्या 1975 च्या सनदेत (कलम 52) व सस्कॅचेवानच्या 1979 च्या मानवी हक्क संहितेत उतरला. 1981 मध्ये टेबलाभोवती बसलेल्या बऱ्याच जणांना हे शब्द घरचेच होते. स्वयंपाकघरात सौदा ठरला, वाक्य आधीच तयार होते. प्रस्तुत नोंदीचा कल या मताकडे आहे.

काही लेखक आणखी मागे जातात व ‘नॉन ऑब्स्टँटे’ या लॅटिन सूत्राशी नाते जोडतात. मध्ययुगीन पोपांच्या आदेशांतून हे सूत्र इंग्लंडच्या राजांकडे आले, आणि त्याच्या बळावर राजा कायद्यातून सूट देई. 1689 च्या इंग्लिश हक्ककायद्याने ही सूट बंद केली. पण तेथे राजा संसदेवर मात करत होता, येथे संसद न्यायालयावर करते. शब्द एक असला तरी कुळी एक मानता येत नाही.

करारानंतरच्या आठवड्यांत मसुद्यात आणखी बदल झाले. स्त्री-पुरुषांना हक्क समान असतील असे सांगणारे 28 वे कलमही आधी 33 व्या कलमाच्या कक्षेत घातले होते. स्त्रियांच्या संघटनांनी नोव्हेंबरभर तारा, दूरध्वनी व भेटींचा धडाका लावून ते बाहेर काढायला लावले. आदिवासी समूहांच्या हक्कांचे वगळलेले कलमही याच काळात परत आले.

वापर : पहिला आणि सर्वांत व्यापक वापर क्वेबेकचा. जून 1982 मध्ये लेव्हेक सरकारने एकाच अधिनियमाने प्रांताच्या तोवरच्या सर्व कायद्यांना हा जाहीरनामा जोडला आणि 1985 पर्यंत प्रत्येक नव्या कायद्यात तो घातला. सनद आपल्याला मान्य नाही हे सांगण्याची ती रीत होती.

कलमाचा कायदेशीर अर्थ ठरला तो एका दुकानाच्या पाटीवरून. माँट्रियलच्या उपनगरातील लोकरीच्या दुकानावर ‘लेन’ आणि ‘वूल’ असे दोन शब्द होते, पहिला फ्रेंच व दुसरा इंग्रजी. क्वेबेकच्या स्वतःच्या ‘फ्रेंच भाषा सनद’ या कायद्यानुसार पाटी केवळ फ्रेंच असायला हवी होती. 15 डिसेंबर 1988 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘फोर्ड’ खटल्यात केवळ फ्रेंचची सक्ती घटनाबाह्य ठरवली. त्याच निकालात 33 व्या कलमाविषयी दोन गोष्टी सांगितल्या : जाहीरनाम्यात कलमांचे आकडे दिले की पुरे, कारणे द्यायची गरज नाही, मात्र तो मागील तारखेपासून लागू करता येत नाही. काही दिवसांतच क्वेबेकचे लिबरल प्रीमियर रोबेर बुरासा यांनी हेच कलम वापरून बाहेरच्या पाट्या केवळ फ्रेंच ठेवणारा कायदा केला. मॅनिटोबाने त्यावर, क्वेबेकची संविधानाला संमती मिळवण्यासाठी झालेल्या मीच लेक कराराचा ठराव मागे घेतला, आणि 1990 मध्ये तो करार बारगळण्याच्या कारणांत हे एक धरले जाते. पाच वर्षांनी, 1993 मध्ये, क्वेबेकने जाहीरनामा पुन्हा संमत केला नाही. इतर भाषा चालतील पण फ्रेंच ठळकपणे वरचढ हवी, असा नियम आला. मराठी पाट्यांचा वाद पाहिलेल्या वाचकाला ही तडजोड ओळखीची वाटेल.

क्वेबेकबाहेर कलम दीर्घकाळ अडगळीतच होते. युकॉनने 1982 मध्ये एका भूनियोजन कायद्यात ते घातले, पण तो कायदा अमलातच आला नाही. सस्कॅचेवानने 1986 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचा संप मोडण्यासाठी ते वापरले. अल्बर्टात राल्फ क्लाइन सरकारने 1998 मध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाला बळी पडलेल्यांच्या भरपाईवर मर्यादा घालणारे विधेयक या कलमासह आणले आणि लोकक्षोभामुळे लगेच मागे घेतले. अल्बर्टाच्याच 2000 च्या विवाहविषयक कायद्यातील जाहीरनामा निष्फळ होता, कारण विवाहाची व्याख्या हा मुळात केंद्राचा विषय. केंद्रीय संसदेने हे कलम कधीही वापरलेले नाही.

2018 पासून चित्र पालटले. ऑन्टॅरिओत डग फोर्ड सरकारने टोरंटो नगर परिषदेचे प्रभाग 47 वरून 25 वर आणले. कनिष्ठ न्यायालयाने ते अडवताच कलम 33 असलेले विधेयक आले आणि विधानसभा सोमवारी पहाटे, मध्यरात्र उलटताच भरवली गेली. अपील न्यायालयाने स्थगिती दिल्याने ते विधेयक लागलेच नाही. 2021 मध्ये निवडणूक-जाहिरातींच्या कायद्यासाठी मात्र ऑन्टॅरिओने कलम प्रथमच प्रत्यक्ष वापरले. 3 नोव्हेंबर 2022 रोजी शाळांतील सुमारे 55,000 शिक्षकेतर कर्मचाऱ्यांवर याच कलमाच्या आडोशाने करार लादला गेला; संप करणाऱ्याला दिवसाला 4,000 डॉलरपर्यंत दंड होता. कर्मचारी दुसऱ्या दिवशी तरीही बाहेर पडले, इतर कामगार संघटनाही त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. 14 नोव्हेंबरला कायदा रद्द झाला, तोही जणू कधी झालाच नव्हता अशा शब्दांत. ऑक्टोबर 2025 मध्ये अल्बर्टाने सुमारे 51,000 शिक्षकांना याच मार्गाने कामावर परत पाठवले.

सर्वांत मोठा वाद क्वेबेकच्या जून 2019 च्या धर्मनिरपेक्षता कायद्याचा, म्हणजे ‘बिल 21’ चा. सरकारी शाळांतील शिक्षक, पोलीस, सरकारी वकील इत्यादींना कामावर धार्मिक चिन्हे बाळगण्यास तो मनाई करतो. आधीपासून त्याच पदावर असलेल्यांना सूट आहे. हिजाब, पगडी व किप्पा (ज्यूंची टोपी) घालणाऱ्यांना त्याची झळ बसते. या कायद्याच्या 34 व्या कलमात, सनदेची 2 व 7 ते 15 ही कलमे काहीही म्हणोत, हा कायदा अमलात राहील, एवढे एकच वाक्य आहे. न्यायालयाने काही म्हणण्याची वाट न पाहता आधीच, आणि लागू होऊ शकणाऱ्या सर्व हक्कांवर एकगठ्ठा केलेला हा वापर आहे. 2024 मध्ये त्याचे नूतनीकरणही झाले.

मतभेद : अभ्यासकांत 1990 च्या सुमारास पीटर रसेल व जॉन व्हाइट यांच्यात झालेला वाद अजून आधाराला घेतला जातो. रसेल यांच्या मते न्यायाधीशही चुकतात, आणि चुकीच्या निकालावर संविधान बदलण्यापेक्षा विचारपूर्वक केलेला कायदा बरा. व्हाइट यांच्या मते हक्क नेमके बहुमतापासून वाचवायचे असतात, आणि हे कलम ते बहुमताच्याच हाती देते. रसेल यांची बाजू निकालानंतरच्या वापराला चांगली लागू पडते. निकालाआधीच्या एकगठ्ठा वापराला ती तितकीशी पेलत नाही.

सध्याचा तांत्रिक प्रश्न असा : जाहीरनामा असला तरी, हा कायदा हक्काचा भंग करतो, एवढे म्हणण्याचा अधिकार न्यायालयाला उरतो का? क्वेबेकच्या अपील न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये 1988 च्या ‘फोर्ड’ निकालाला धरून ‘बिल 21’ उचलून धरले. शाळेत लिंगओळखीनुसार नवे नाव वा सर्वनाम वापरण्यास मुलांना पालकांची संमती सक्तीची करणाऱ्या, कलम 33 घातलेल्या 2023 च्या सस्कॅचेवान कायद्याच्या प्रकरणात तेथील अपील न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये उलट दिशा घेतली : कायदा मोडता येत नाही, पण मत नोंदवता येते. सर्वोच्च न्यायालयाने ‘बिल 21’ वरील अपील जानेवारी 2025 मध्ये दाखल करून घेतले.

भारतातील सर्वांत जवळचे उदाहरण 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेली नववी अनुसूची. तिच्यात घातलेला कायदा मूलभूत हक्कांच्या भंगावरून रद्द होत नसे. महाराष्ट्राचा 1961 चा शेतजमीन कमाल धारणा कायदा तिच्यात होता, आणि त्यावरूनच उभ्या राहिलेल्या ‘वामनराव’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 24 एप्रिल 1973 (केशवानंद भारती निकालाचा दिवस) नंतर तिच्यात आलेले कायदे संविधानाच्या मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील असे ठरवले. 2007 च्या ‘कोएल्हो’ निकालाने ते पक्के केले. फरकही मोठे आहेत. अनुसूचीत नोंद करायला घटनादुरुस्ती लागते, कॅनडात साधे बहुमत पुरते. उलट अनुसूचीला मुदत नाही, कॅनडाच्या जाहीरनाम्याला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात लेखी म्हणणे दिले, की कलम पुन्हापुन्हा वापरून एखादा हक्क कायमचा निरुपयोगी करणे म्हणजे आडमार्गाने घटनादुरुस्ती होय. ऑन्टॅरिओ, क्वेबेक, अल्बर्टा व सस्कॅचेवानसह काही प्रांतांच्या प्रीमियरांनी हे म्हणणे मागे घ्यावे अशी मागणी पंतप्रधानांकडे केली.