वॉर्ड सुटतो, देश सुटत नाही
फिलिपिन्सच्या राजधानीत, मनिलात, रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यातल्या न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ झालेले असतात. मनिलाला लागून असलेल्या क्वेझोन सिटीतल्या एखाद्या घरात नर्स कानाला हेडसेट लावते, दोन स्क्रीन सुरू करते आणि अमेरिकेतल्या रुग्णाची फाइल उघडते. रुग्णाला रुग्णालयात आणखी दोन दिवस ठेवायचं कारण नोंदींत सापडतं का, ते विमा कंपनीच्या निकषांत बसतं का, हे ती तपासते. बसलं तर मंजुरी, नाहीतर प्रकरण डॉक्टरांकडे. मुंबई-पुण्यात अमेरिकी शिफ्ट केलेल्यांना ही रात्र ओळखीची वाटेल.

हे काम कोरोनानंतर उगवल्यासारखं वाटतं, पण त्याची मुळं खोल आहेत. १८९८मध्ये स्पेनकडून फिलिपिन्स अमेरिकेकडे गेलं. १९०६मध्ये इलोइलोच्या मिशन रुग्णालयात नर्सिंगचं पहिलं विद्यालय निघालं. शिक्षण इंग्रजीत, वळण अमेरिकी. त्यामुळे १९४८च्या 'एक्स्चेंज व्हिजिटर' योजनेतून फिलिपिनो नर्स मुली अमेरिकेत गेल्या तेव्हा त्यांना वेगळं काही शिकवावं लागलं नाही. नावाला प्रशिक्षण, प्रत्यक्षात अनेक रुग्णालयांनी त्यांना कमी विद्यावेतनावर पूर्ण नर्ससारखं राबवलं. १९६५च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने अमेरिकेत कायमचं राहण्याची वाट मोकळी झाली. १९७४मध्ये मार्कोस सरकारने माणसं परदेशी पाठवणं हे धोरणच करून टाकलं.

खरी कलाटणी मिळाली ती २००० नंतरच्या दशकात. परदेशाच्या ओढीने नर्सिंग कॉलेजं भराभर निघाली. डॉक्टरसुद्धा नर्सिंग शिकू लागले. मग अमेरिकी व्हिसाच्या रांगा लांबल्या, २००८ची मंदी आली, आणि पदवी घेतलेली हजारो मुलं-मुली घरी बसली. अनुभवाचा दाखला मिळावा म्हणून कित्येकांनी रुग्णालयात बिनपगारी 'व्हॉलंटियर' म्हणून काम केलं. काहींनी तर त्यासाठी रुग्णालयालाच पैसे भरले. राबणाऱ्यानेच पैसे मोजायचे, याला अन्याय म्हणायचं नाही तर काय? त्याच काळात मनिला आणि सेबू या शहरांत कॉल सेंटर वाढत होती. वैद्यकीय शब्द जाणणारी, सफाईने इंग्रजी बोलणारी माणसं त्यांना हवीच होती.

मायदेशात पगार वाढवायचा कायदा नव्हता असं नाही. २००२च्या नर्सिंग कायद्याने सरकारी नर्सला पंधरावी वेतनश्रेणी, म्हणजे २०१९च्या हिशेबाने महिना सुमारे ३० हजार पेसो, देऊ केली. पैशांची तरतूदच झाली नाही. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवल्यावर कुठे हालचाल झाली, तीही सरकारी नोकरीपुरती. खाजगी रुग्णालयांतली नर्स बाहेरच राहिली.

घरून काम करणाऱ्या नर्सच्या अडचणी वेगळ्या. रात्रपाळीला कायद्याने किमान १० टक्के जादा वेतन आहे, पण ते नोकरदाराला. परदेशी कंपनीसाठी थेट कंत्राटावर काम करणाऱ्यांना ना ते, ना मालकाकडून विम्याचा हप्ता. डिसेंबर २०२१मध्ये ओडेट वादळाने सेबूतली वीज आणि इंटरनेट बंद पडलं, काही भागांत कित्येक आठवडे; घरातली जोडणी हाच ज्यांचा वॉर्ड, त्यांची रोजीरोटीच थांबली. अमेरिकेची परवाना परीक्षा पास होऊन 'यूएसआरएन' म्हणवणाऱ्यांना जरा बरा पगार मिळतो, पण परवान्याच्या नूतनीकरणाचा खर्च बऱ्याचदा खिशातूनच. आणि मला सर्वांत जास्त सलतं ते हे, की हेडसेटवरची वर्षं रुग्णाच्या खाटेजवळचा अनुभव म्हणून सहसा धरली जात नाहीत. चार वर्षांनी पुन्हा वॉर्डात जायचं म्हटलं, की सलाईन लावणारा हात बुजलेला असतो.

कोरोनाकाळात देशातच नर्स कमी पडतील म्हणून सरकारने आधी परदेशगमन थांबवलं आणि नोव्हेंबर २०२०मध्ये वर्षाला ५,००० आरोग्य कर्मचाऱ्यांची मर्यादा घातली. पुढे ती वाढवली. ही मोजणी देश सोडणाऱ्यांची. वॉर्ड सोडून क्वेझोन सिटीतल्या खोलीत हेडसेट लावणारी त्या आकड्यात येत नाही. रुग्णालयातली तिची पाळी मात्र दुसऱ्या नर्सच्या अंगावर पडते.