आळीचे पुनरुज्जीवन (कोकण किनारपट्टी)

आळीचे पुनरुज्जीवन : शहरातील एखादी आळी, वाडी, पाखाडी किंवा मोहल्ला तिथल्याच रहिवाशांनी पुढाकार घेऊन पुन्हा नांदता करण्याचे सामूहिक काम. बुजत चाललेली विहीर उपसणे, पऱ्याचा म्हणजे ओढ्याचा गाळ काढणे, कचऱ्याची घडी बसवणे, पुरात गेलेले वाचनालय उभे करणे, मागे पडलेला हातव्यवसाय सुरू करणे अशी कामे त्यात येतात. मुंबई-ठाण्यात ‘पुनर्विकास’ म्हणतात तो वेगळा. तिथे जुनी इमारत पाडली जाते, बिल्डर नवी बांधतो आणि तोवर रहिवासी भाड्याच्या घरात दिवस काढतात. कोकणातल्या आळीत माणसे जागची हलत नाहीत आणि पाडण्यासारखेही फारसे काही नसते. जे असते ते वापरातून गेलेले असते.

कोकणातली शहरे लहान आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे ७६ हजार, चिपळूणची ५५ हजार, सावंतवाडीची २४ हजार आणि वेंगुर्ल्याची जेमतेम १२ हजार. अशा गावात गटार तुंबले तर लेखी अर्जाआधी हाक मारून तक्रार होते. त्यामुळे काम सुरू व्हायला वेळ लागत नाही. अवघड असते ते चालू ठेवणे. या किनाऱ्यावरची उदाहरणे पाहिली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : ज्या कामात कुणाची तरी ठरलेली पाळी किंवा रोजची मिळकत असते ते टिकते, आणि नुसत्या उत्साहावर उभे राहिलेले दोन पावसाळ्यांत थंडावते.

आळी आणि तिची वेस

कोकणी शहरातली आळी मुळात जातीची किंवा व्यवसायाची वस्ती. ब्राह्मणआळी, तेलीआळी, चितारआळी, कुंभारवाडा, भंडारवाडा, कोळीवाडा, मोहल्ला ही नावेच ते सांगतात. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची उतरती वाट म्हणजे पाखाडी; पुढे त्या वाटेच्या दोन्ही अंगांच्या वस्तीलाही तेच नाव पडले. आळीची विहीर, आळीचे देऊळ, आळीचा गणपती असे म्हणताना ‘आपले’ कोण हे ठरलेले असे, आणि आपले नसलेले कोण हेही.

म्हणून या विषयाचा इतिहास महाडच्या चवदार तळ्यावाचून सांगता येत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. त्याला धरून सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असताना महाड नगरपालिकेने तळे खुले असल्याचे जाहीर केले. कागदावर तळे सर्वांचे झाले. ओंजळ मात्र कुणाला भरता येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. कोर्टकचेरी तरीही दहा वर्षे चालली, आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला. रत्नागिरीत १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून आणि वि. दा. सावरकर यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले, सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर याच काळातले. आज एखाद्या आळीतली विहीर श्रमदानातून साफ होते, तेव्हा पाणी कुणाकुणाच्या घरी जाणार आणि सभेला कोण बसले होते, हे विचारणे या इतिहासामुळेच भाग आहे. भाडेकरू, कर्नाटकातून आलेले बांधकाम मजूर, आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी गडी या आळ्यांतच राहतात. आळीच्या बैठकीत ते अजूनही क्वचितच दिसतात.

कामाचे वर्ष

कामाचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही जास्त पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. जांभा सच्छिद्र आहे, उतार तीव्र आहे, समुद्र जवळ आहे. पडलेले पाणी थांबत नाही. म्हणून पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून पऱ्यावर वनराई बंधारे घालतात. पऱ्यात पाणी वाहते आहे तोवरच बंधारा घालायचा. महिनाभर उशीर झाला तर अडवायला काही उरत नाही.

विहिरीचा उपसा वैशाखात, पाणी तळाला गेले की. पंप लावून उरलेले पाणी काढतात आणि दोघे-तिघे चिऱ्यांत ठेवलेल्या खाचांत पाय रोवून खाली उतरतात. तळाशी गुडघाभर काळा गाळ, त्यात नारळाच्या करवंट्या, फुटके हंडे, कुणाची वर्षांपूर्वी पडलेली कळशी आणि अलीकडे निर्माल्याच्या प्लॅस्टिक पिशव्या. घमेली दोराने वर येतात आणि हातोहात माडांच्या बुंध्यांपर्यंत जातात, कारण हा गाळ उत्तम खत आहे. दुपारपर्यंत खालच्या चिऱ्यांमधला झरा मोकळा होतो आणि स्वच्छ पाण्याची बारीक धार दिसू लागते. ती बघायला घरातली म्हातारी माणसेही काठावर येऊन उभी राहतात.

वर्गणी आणि निर्णय यांचा हंगाम निराळा. मुंबईला नोकरीला गेलेले चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात, म्हणून आळीची मोठी बैठक त्या दिवसांतच होते आणि मुंबईकर मंडळाचा हिशेबही तेव्हाच वाचला जातो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन परिसरात धडकले. रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या आळ्यांवरची कौले उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. टाळेबंदीमुळे चाकरमान्यांना येता येईना, तेव्हा त्यांनी पत्रे आणि ताडपत्र्या पाठवल्या.

चिपळूण : नदी आणि ग्रंथ

चिपळूण वाशिष्ठी नदीच्या काठी, भरतीचे पाणी जिथवर चढते त्या टप्प्यात वसले आहे. शहरातून वाहणारी शिवनदी वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीत जाते. कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारे पाणीही कोळकेवाडी धरणामार्गे याच नदीत येते. मुसळधार पाऊस आणि भरती एका वेळी आली की नदीला तोंड राहत नाही. २६ जुलै २००५ ला शहर बुडाले, आणि २२ जुलै २०२१ ला त्याहून भयंकर बुडाले. बाजारपेठेतल्या दुकानांचे तळमजले पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर घराघरांत वीतभर चिखल राहिला. राज्यभरातून आलेल्या माणसांनी फावड्याने तो ओढून काढला.

चिखल निघाला तेव्हा खरा प्रश्न उरला : पुढच्या वर्षी काय? व्यापारी आणि रहिवासी चिपळूण बचाव समितीच्या नावाने एकत्र आले. नदीपात्रातला वर्षानुवर्षे साठलेला गाळ काढा, बेटे हटवा, आणि ते होण्याआधी शहरावर बांधकामाला मर्यादा घालणाऱ्या लाल-निळ्या पूररेषा लादू नका, या त्यांच्या मागण्या होत्या. साखळी उपोषण झाले. पुढे शासनाच्या यंत्रणेने गाळउपसा सुरू केला आणि नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे यांच्या नाम फाउंडेशनची यंत्रेही शिवनदीत उतरली. शहरातल्या माणसांना नदीचे आडवे छेद, पात्राची खोली, भरतीची वेळ या गोष्टी बोलता येऊ लागल्या, हे या आंदोलनाचे मोठे फळ आहे. पूर्वी नदी ही पाटबंधारे खात्याची बाब होती; आता चहाच्या टपरीवर धरणाच्या विसर्गाचे आकडे निघतात.

गाळ काढून तो टाकायचा कुठे, हा प्रश्न मात्र उपसा करण्याइतकाच मोठा आहे. काठावरच ढीग मारला तर पहिल्या पावसात तो परत पात्रात येतो. सखल जागेत भराव घातला तर पुराचे पाणी शेजारच्या आळीत शिरते.

याच पुराने लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला दुसऱ्यांदा गाठले. १८६४ पासूनच्या या ग्रंथालयाने २००५ च्या पुरातही ग्रंथ गमावले होते. २०२१ मध्ये पुन्हा हजारो गेले. भिजलेले पुस्तक तसेच उन्हात ठेवले की पाने चिकटून त्याची वीट होते. ते वाचवायचे तर पान-पान सुटे करायचे, मध्ये टीपकागद घालायचा, सावलीत वाऱ्यावर वाळवायचे आणि टीपकागद बदलत राहायचे. एका ग्रंथाला कित्येक दिवस लागतात आणि शहराला त्या वेळी स्वतःचे कपडे वाळवायलाही जागा नव्हती. तरी वाचन मंदिर पुन्हा सुरू झाले. कोकणात ग्रंथालय ही शहराची जुनी सामायिक ठेव आहे. रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयाची सुरुवात तर १८२८ ची.

वेंगुर्ले : कचरा आणि कांदळवन

वेंगुर्ल्याचे उदाहरण नगरपरिषदेने सुरू केलेल्या आणि घराघराने चालवलेल्या कामाचे आहे. २०१५ नंतर, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, शहराने कचरा उगमाशीच वेगळा करण्याची सवय लावून घेतली. घरात तो चार प्रकारांत वेगळा करायचा आणि प्रक्रिया केंद्रावर त्याचे वीसहून अधिक प्रकार व्हायचे. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत, प्लॅस्टिकचा चुरा करून डांबरी रस्त्यात वापर, उरलेले भंगारात. जिथे पूर्वी कचरा जळत असे त्या डेपोच्या जागेवर झाडे-फुले लागली आणि ती पाहायला इतर शहरांतून माणसे येऊ लागली.

या यशाची किल्ली स्वयंपाकघरात आहे. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकला तर तो नखाएवढा तुकडा झाडूत, मग गटारात, मग खाडीत जातो. अर्धवट कापून कोपरा पिशवीलाच राहू दिला, पिशवी धुऊन वाळवली, तर ती भंगारात विकली जाते. ही शिस्त भाषणाने येत नाही. कचरा न्यायला येणारी बाई मिसळलेली बादली परत ठेवून जाते आणि दारात चार शेजारी बघत असतात, तेव्हा ही शिस्त येते. अधिकारी बदलले की योजना ढेपाळतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. म्हणून अशा व्यवस्थेत सर्वांत मोलाची माणसे म्हणजे सफाई कामगार. त्यांचे हातमोजे, त्यांचा पगार वेळेवर होणे आणि त्यांना आळीत नावाने ओळखले जाणे यावर पुढची सगळी प्रक्रिया उभी असते.

त्याच वेंगुर्ल्यात मांडवी खाडीकाठच्या महिलांच्या स्वामिनी बचत गटाने २०१७ च्या सुमारास कांदळवनाची, म्हणजे खारफुटीच्या जंगलाची, सफर सुरू केली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्गातील प्रकल्पाचे साहाय्य त्यांना मिळाले. होडी वल्ह्याची, त्यामुळे आवाज नाही. बगळा, खंड्या उडून जात नाहीत. पाहुण्यांना खारफुटीच्या जाती, चिखलातून वर आलेली श्वासमुळे आणि त्यांत वाढणारी मासळीची पिल्ले दाखवणाऱ्या या बायका स्वतः मच्छीमार कुटुंबांतल्या आहेत. कांदळवन तोडले तर मासे जातील हे त्यांच्या घरांना आधीपासून ठाऊक होते. आता कांदळवन उभे ठेवण्यात रोजचा रोजगार आला. मांडवीचे हे काम संपूर्ण किनाऱ्यावरचे सर्वांत सुंदर उदाहरण आहे, असे म्हणायला हरकत नाही.

सावंतवाडी

सावंतवाडीतील मोती तलाव १८७४ मध्ये बांधला गेला. शहराचा सगळा दिवस त्याच्या काठाने फिरतो. जवळची चितारआळी लाकडी खेळण्यांची आणि रंगीत लाकडी फळांची. या कामाला पांगाऱ्याचे हलके लाकूड लागते आणि ते आता सहज मिळत नाही. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा जुना खेळ, तर जवळपास संपलीच होती. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून ती पुन्हा सुरू केली. दशावतारी गंजिफेच्या १२० गोल चकत्या असतात आणि प्रत्येक हाताने रंगवावी लागते. राजवाड्यातली कला जगली. आळीतली दुकाने मात्र बाहेरून आलेल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांशी झुंजत आहेत. आळी जगवायची तर पांगाऱ्याची लागवडही तिच्याच कामात धरायला हवी.

कायदा, पैसा आणि बंद घरे

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने प्रभाग समित्यांची तरतूद केली, पण तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठीच. वर उल्लेखिलेल्या शहरांपैकी एकही तिथवर पोहोचत नाही, म्हणून या दुरुस्तीने आळीला स्वतःचे व्यासपीठ मिळाले नाही. २०२१-२२ पासून नगरपरिषदांच्या निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला, तेव्हा विचारायला नगरसेवकही उरला नाही. बचत गट, त्यांचे वस्तीस्तर संघ आणि शहरस्तर संघ या साखळीने ही जागा काही प्रमाणात भरली. निधी मिळतो तो बहुधा सुशोभीकरणाला. मग पाखाडीचे चिरे उखडून पेव्हर ब्लॉक बसतात, जमिनीत मुरणारे पाणी थेट गटारात जाते आणि शेजारची विहीर महिनाभर आधी आटते. हा पैसा गाळ काढायला आणि चिरे नीट बसवायला खर्च झाला पाहिजे.

सर्वांत अवघड आहे बंद घरांचा प्रश्न. मिळकत पत्रिकेवर भावंडे, चुलते, त्यांची मुले मिळून पंधरा-वीस नावे. निम्मे मुंबई-पुण्यात, कुणी परदेशात. कौले बदलायची तरी सगळ्यांची सही हवी, म्हणून कुणीच बदलत नाही. एक वासा कुजतो, पाणी भिंतीत उतरते, आणि तीन पावसाळ्यांत जांभ्याच्या चार भिंती तेवढ्या उभ्या राहतात. बंद घराच्या परसातली विहीर मग कुणी उपसायची, त्या बाजूचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, कुणी रचायचा, हे ठरत नाही आणि आळीच्या कामाला तिथे भोक पडते. काही आळ्यांत शेजाऱ्याकडे किल्ली ठेवलेली असते. तो आठवड्यातून एकदा दार उघडतो, केर काढतो, तुळशीला पाणी घालतो, आणि गळके कौल दिसले तर मुंबईला फोन करतो.