उलटण्याच्या अपघातातील प्रवासी-संरक्षण (फोर-व्हील-ड्राइव्ह वाहने)

वाहन स्वतःच्या लांबीच्या अक्षाभोवती निदान पाव फेरी फिरून बाजूवर किंवा छतावर पडले म्हणजे ते उलटले असे मानतात. अमेरिकेतील नोंदींनुसार अशा घटना एकूण अपघातांच्या सुमारे ३ टक्केच भरतात. मात्र प्रवासी वाहनांतील मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश मृत्यू त्यांत होतात. या विषयाची मानके व चर्चा प्रामुख्याने त्या देशातील असल्याने पुढील विवेचनाचा आधारही मुख्यतः तोच आहे.

फोर-व्हील-ड्राइव्ह वाहने साध्या मोटारींपेक्षा सहज उलटतात; मात्र चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळते म्हणून तसे होते, असे नव्हे. खडबडीत वाटेसाठी वाहनाचा तळ जमिनीपासून उंच ठेवावा लागतो आणि त्याबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो, हे खरे कारण होय. डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्यास गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले असता जो स्थिरता-गुणांक मिळतो, तो साध्या मोटारींत साधारण १.३ ते १.५, तर उंच वाहनांत १.० ते १.३ असतो; तो जितका कमी, तितके वाहन सहज उलटते. टपावरच्या कॅरियरवर सामान लादले की तो आणखी घटतो. सपाट डांबरी रस्त्यावर केवळ वळणाच्या वेगाने वाहन उलटणे विरळाच. बहुतेक वेळा ते आडवे घसरत जाते आणि चाक मऊ मातीत रुतल्याने किंवा कठड्याला अडल्याने कलंडते.

छताच्या बळाचे अमेरिकी मानक (क्रमांक २१६) १९७१ मध्ये जाहीर झाले व १९७३ पासून मोटारींना लागू झाले. त्यानुसार तिरपी धरलेली पोलादी पाटी छताच्या पुढच्या एका कोपऱ्यावर सावकाश दाबतात; पाटी १२७ मिमी. सरकण्याच्या आत छताने रिकाम्या वाहनाच्या वजनाच्या दीडपट भार पेलला पाहिजे. हलके ट्रक व उंच वाहने या नियमाखाली १९९० च्या दशकात आली, म्हणजे ज्या वाहनांना त्याची गरज अधिक होती त्यांनाच तो उशिरा लागला. २००९ च्या सुधारणेने सुमारे २,७२२ किग्रॅ.पर्यंतच्या एकूण भारक्षमतेच्या वाहनांसाठी ही मर्यादा दीडपटीवरून वजनाच्या तिपटीवर नेली आणि एकाच वाहनाच्या दोन्ही बाजू एकामागून एक दाबणे बंधनकारक केले. ही दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. उलटताना प्रथम टेकणाऱ्या बाजूवर पुढची काच तडकते, तिचा छताला असलेला आधार जातो आणि नंतर टेकणारी बाजू पुष्कळदा अधिक चेपते. २,७२२ किग्रॅ.हून जड वाहनांना, सुमारे ४,५३६ किग्रॅ.पर्यंत, दीडपटीचीच अट आहे. त्याच वर्षी विमाकंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने स्वतःचे मूल्यांकन सुरू केले. त्यात उत्तम श्रेणीसाठी वजनाच्या चौपट बळ लागे. छत पेलणाऱ्या खांबांत तापवून साच्यात दाबलेले बोरॉनयुक्त पोलाद आल्यावर अनेक वाहनांनी ही पातळी गाठली. मात्र पुढचे खांब जाड होऊन चालकाच्या नजरेआड जाणारा भाग वाढला, हा त्याचा एक तोटा.

छताचे चेपणे हे मानेच्या इजेचे कारण की केवळ अपघाताच्या तीव्रतेची खूण, याविषयी मतभेद आहेत. जनरल मोटर्सने १९८० च्या दशकात शेव्हरोले मालिबू मोटारी उलटवून पाहिल्या. काहींना आतून पोलादी पिंजरा होता, काहींचे छत मूळचे होते. पहिल्या मालिकेत (१९८५ मध्ये प्रसिद्ध) आत बसवलेल्या माणसाच्या चाचणी-पुतळ्यांना सीटबेल्टचे पट्टे नव्हते, दुसऱ्या मालिकेत (१९९०) होते. दोन्ही प्रकारच्या मोटारींत पुतळ्यांच्या मानेवरील भार सारखेच आढळल्याचे कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितले व त्यावरून असा निष्कर्ष काढला, की छत जमिनीला टेकताच धड आपल्या वेगाने डोक्यावर येते आणि पाण्यात सूर मारणाऱ्याच्या मानेला व्हावी तशी इजा छत चेपण्यापूर्वीच होते. टीकाकारांचे म्हणणे असे, की पुतळ्याची मान मानवी मानेपेक्षा फार ताठ असल्याने किरकोळ आदळणेही गंभीर दिसते, आणि मोठ्या इजा छत आत शिरल्यानेच होतात. या मोटारी ठेंगण्या सेडान होत्या, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. जड व उंच वाहनाच्या छतावरचा भार त्यांवरून ठरत नाही. पुढे महामार्ग-सुरक्षा संस्थेने मध्यम आकाराच्या उंच वाहनांच्या प्रत्यक्ष अपघातांचे विश्लेषण केले. त्यात छताच्या बळाचे वजनाशी गुणोत्तर एकाने वाढले असता चालकाच्या गंभीर वा प्राणघातक इजेचा धोका अंदाजे पाव हिश्श्याने घटल्याचे दिसले. सूर मारण्यासारखी इजा होतच नाही असे यावरून सिद्ध होत नाही; पण मजबूत छत निरुपयोगी असल्याचे मत आता टिकवणे अवघड आहे.

वाहनाबाहेर फेकले जाणे हा छताहून मोठा धोका होय. उलटण्यात दगावणाऱ्यांत सीटबेल्ट न लावलेल्यांचे प्रमाण फार असते. पट्टा लावला तरी उलट्या वाहनात शरीर काही सेंमी. छताकडे सरकतेच, म्हणून कलंडणे ओळखणारा संवेदक पट्टा आधीच आवळतो. खिडक्यांवर उतरणाऱ्या पडदा-एअरबॅगा काही सेकंद फुगलेल्या राहतात, कारण उलटणे हे समोरासमोरच्या धडकेसारखे क्षणात संपत नाही. प्रवासी खिडकीबाहेर जाऊ नये यासाठीचे मानक २०११ चे आहे. घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरता-प्रणाली अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून हलक्या वाहनांना सक्तीची झाली. वाहन आडवे घसरू न दिल्याने ती उलटण्याचा प्रसंगच टाळते, आणि वरील सर्व उपायांत सर्वांत परिणामकारक तीच ठरली असावी.

छत काढता येणाऱ्या वाहनांची स्थिती वेगळी आहे. दुमडून उघडता येणाऱ्या छताच्या (कन्व्हर्टिबल) मोटारींना मानक २१६ मधून सूट आहे. छत काढता येणारी चार दरवाजांची जीप रँग्लर ही महामार्ग-सुरक्षा संस्थेच्या समोरील कोपऱ्याच्या धडक-चाचणीत बाजूवर कलंडल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. बाजारातून आणून बसवलेला पोलादी पिंजरा छत चेपू देत नाही खरा, परंतु शिरस्त्राणाशिवाय डोके त्याच्याच नळीवर आपटू शकते. शर्यतीच्या वाहनांत पिंजऱ्याबरोबर शिरस्त्राण, अनेक बिंदूंचे पट्टे व नळ्यांवरील गादी सक्तीची असते ती यामुळेच.