मोका पॉट आणि एस्प्रेसो: वादाची पार्श्वभूमी

मोका पॉट म्हणजे गॅसवर ठेवायचं, खालच्या भागातलं पाणी वाफेच्या दाबाने कॉफीच्या पुडीतून वर चढवणारं भांडं. तो घ्यायचा म्हटलं की कुणीतरी हटकून सांगतं, "यात एस्प्रेसो होत नाही हं." आजच्या मोजमापाने ते खरं आहे. मोकात दाब तयार होतो १ ते २ बार (बार हे दाबाचं एकक), आणि कॅफेतलं मशीन चालतं ९ बारच्या आसपास. पण हे मोजमाप वयाने मोकापेक्षा लहान आहे. ते लक्षात न घेता निकाल देणं म्हणजे त्या भांड्यावर अन्याय आहे.

'मोका' हे नाव येमेनच्या मोखा बंदराचं. सतराव्या शतकात सुरतेची आणि कोकणातली जहाजंही तिथे जात असत. चॉकलेट घातलेल्या 'कॅफे मोका'शी या भांड्याचं नातं फक्त नावापुरतं.

खरा गुंता आहे तो 'एस्प्रेसो' या शब्दाचा. इटालियनमध्ये त्याला दोन छटा आहेत: दाबून काढलेली, आणि गिऱ्हाइकाने मागितल्यावर खास त्याच्यासाठी लगेच केलेली. १९०१ मध्ये मिलानमध्ये ज्या मशीनचं पेटंट घेतलं गेलं, ते वाफेच्या जोरावर चालायचं आणि त्याचा दाब दीड बारच्या घरातला. कपात उतरायची ती काळी, कडवट, वर फेसाची साय नसलेली कॉफी. चाळीसहून जास्त वर्षं इटलीतले लोक तिलाच एस्प्रेसो म्हणत होते.

मोका आला १९३३ मध्ये. उत्तर इटलीतल्या ओर्ता तलावाकाठच्या ओमेन्या भागात एक अॅल्युमिनियमचा कारखानदार होता. ओतकाम फ्रान्समध्ये शिकून आलेला. कपडे उकळण्याच्या पिंपात साबणाचं पाणी नळीतून वर चढून कपड्यांवर पडताना बघून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. शोधाचं श्रेय नेमकं कुणाला द्यायचं, यावर मात्र दोन मतं आहेत. भांड्याचं नाव पडलं 'मोका एक्सप्रेस'. त्या वर्षी ते नाव अजिबात वावगं नव्हतं. कॉफी-बारमधलं मशीन वाफेवर, हेही वाफेवर, आणि दोन्हींचा दाब जवळपास सारखा.

पुढे व्याख्याच सरकली. वाफेऐवजी दट्ट्याने पाणी रेटायची युक्ती १९३८ च्या पेटंटमध्ये दिसते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, स्प्रिंगच्या दट्ट्याची, दांडा ओढायची मशीनं कॉफी-बारमध्ये आली. दाब एकदम ८-९ बारवर गेला आणि कॉफीवर तांबूस साय धरू लागली. ही साय कॉफीचीच आहे, हे गिऱ्हाइकांना पटावं म्हणून तसं मशीनवरच लिहिलेलं असायचं. थोड्याच वर्षांत साय हीच एस्प्रेसोची खूण ठरली, आणि मोका तिथल्या तिथे उभा असताना परका झाला. माझ्या मते मोकाने खोटा दावा केला नाही, शब्द त्याच्या हातून निसटला.

आपल्याकडे तर हा शब्द तिसऱ्याच कॉफीला चिकटला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत लग्नाच्या रिसेप्शनला मंडपाच्या कोपऱ्यात 'एस्प्रेसो कॉफी'चं मशीन असायचं. कपात इन्स्टंट कॉफी, साखर, दूध. त्यात वाफेची नळी बुडवली की सूंऽऽ करत फेस काठापर्यंत यायचा आणि वर चिमूटभर चॉकलेट पावडर पडायची. ज्यांच्या जिभेवर ती चव आहे, त्यांना मोकातली काळी कॉफी दिली की "ही कसली एस्प्रेसो?" हा प्रश्न येणारच. शब्द एकच, पण तो उच्चारणारी तीन माणसं तीन वेगळ्या कॉफींबद्दल बोलत असतात.

दुसरा मुद्दा धातूचा. इटलीवर आंतरराष्ट्रीय व्यापारी निर्बंध आले, स्वदेशी धातू म्हणून अॅल्युमिनियम पुढे आलं आणि त्यातून मोका जन्मला, ही गोष्ट फार ऐकू येते. पण निर्बंध लागले १९३५ च्या नोव्हेंबरमध्ये, मोका त्याच्या दोन वर्षं आधीचा. युद्धापर्यंत तो आसपासच्या बाजारांतच विकला जायचा. घराघरांत पोचला तो १९५० च्या दशकात, त्या कारखानदाराच्या मुलाने जाहिरातीवर सढळ हाताने खर्च केल्यावर. भांड्यावर दिसणारा, बोट वर करून उभा असलेला मिशाळ माणूस तेव्हाचाच.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत अॅल्युमिनियमचा संबंध स्मृतिभ्रंशाशी जोडला गेला आणि आपल्याकडच्या पातेल्यांइतकाच मोकाही संशयात सापडला. तो संबंध पुढे सिद्ध झाला नाही. आज स्टीलचा मोका घ्यायचं पटण्यासारखं कारण इंडक्शन आहे. साध्या अॅल्युमिनियमचं भांडं इंडक्शनवर तापत नाही, खाली लोखंडी चकती ठेवावी लागते. घरी गॅस असेल तर अष्टकोनी अॅल्युमिनियमचा बिनधास्त घ्यावा.

ओमेन्यातला कारखाना २०१० मध्ये बंद झाला. कारखानदाराचा तो मुलगा २०१६ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या अस्थी मोठ्या मोकात ठेवून निरोप दिला गेला. २०२५ मध्ये मोका बनवणाऱ्या त्यांच्या कंपनीचा मोठा हिस्सा परदेशी गुंतवणूकदाराकडे गेल्याच्या बातम्या आल्या.

दरम्यान भांडं पुण्या-मुंबईच्या ओट्यांवर स्थिरावलं. इथल्या कॉफी भाजून विकणाऱ्या रोस्टरांच्या पाकिटांवर दळणाच्या पर्यायांत 'मोका पॉट' वेगळा छापलेला दिसतो. घोळ होतो तो मापात. 'तीन कप'वाल्यात पाणी मावतं जेमतेम १५० मिली, म्हणजे इटालियन लहान कप. शिवाय हे भांडं अर्धं भरून चालत नाही. म्हणून घरात रोज किती जण पितात ते मोजूनच आकार ठरवावा. पाणी खालच्या भागातल्या झडपेच्या खाली, पूड चाळणीत काठोकाठ पण न दाबता, रबरी वायसर कोरडा आणि अखंड, आच मंद. झाकण उघडं ठेवलं तर मधल्या नळीतून आधी मधासारखी दाट धार येताना दिसते, मग तिचा रंग फिका पडतो. गुडगुड ऐकू येऊ लागली की उरलेली वाफ पुडीतून जात असते आणि कडवटपणा घेऊन येते. गॅस त्याच्या क्षणभर आधी बंद करायचा.